जाहिरात प्लॉटची, पान दरडीचं

कर्जत-खालापूरच्या भटकंतीवर माझी एक छोटीशी साईट आहे, हे ऑफिसात कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग जाहिरातींचे किती सुटतात?" आणि त्याला जोडून चकटफू सल्ला: "रंग बदल, मथळ्याखाली लाव, बघ कसे वाढतात ते!"

तर मंडळी, आज ह्याच विषयावर. माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या साईटची कमाई रंगावर नाही, तर पान नेमकं कशाबद्दल आहे ह्यावर ठरते. आणि कुठल्या पानावर कमवायचं नाही हे मात्र आपणच ठरवायचं असतं. ते काम यंत्रावर सोडू नये.

आधी हिशेब (इंजिनियरची खोड, दुसरं काय). समजा, हजार वेळा पान पाहिलं गेलं की ६० रुपये मिळतात आणि महिन्याला ५,००० वेळा पानं पाहिली जातात. झाले ३०० रुपये. अ‍ॅडसेन्सचे पैसे हातात पडायला १०० डॉलर साठावे लागतात. डॉलर ९० रुपयांचा धरला तर अडीच वर्षं! आता जाहिरातीचा रंग बदलून कमाई दहा टक्के वाढली असं धरा. म्हणजे महिन्याला ३० रुपये जास्त. दोन वडापाव येतील फार तर.

गूगलने अ‍ॅडसेन्स आणलं २००३ साली. कल्पना साधी होती. पानावरचे शब्द वाचायचे, त्यांच्याशी जुळणाऱ्या जाहिरातींचा लिलाव करायचा, जिंकेल त्याची जाहिरात लावायची. मजकुराच्या पानांवरच्या कमाईतला ६८ टक्के वाटा साईटवाल्याला मिळतो, हे कंपनीने २०१० मध्ये जाहीर केलं. मराठीचा नंबर लागायला २०१८ उजाडलं. आणि २०२४ पासून पैसे टिचकीवर नाही, तर जाहिरात किती वेळा दिसली त्यावर मोजले जातात. म्हणजे "टिचकी कशी ओढायची" ह्या सगळ्या जुन्या युक्त्यांमधली हवा बरीचशी निघून गेलीय. वाचक पानावर थांबला पाहिजे, पुन्हा आला पाहिजे. बस्स.

तो थांबतो कधी? त्याला हवं ते मिळालं की. आता गंमत बघा, महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन. एक आपला रायगडातला, दुसरा अहिल्यानगर जिल्ह्यातला, रेहेकुरीच्या काळविटांचा. "कर्जत: एक निसर्गरम्य ठिकाण" असं मोघम पान लिहिलंत तर माणूसही गोंधळेल, यंत्राचं काय घेऊन बसलात! त्याऐवजी "खांडसहून भीमाशंकर: शिडी घाट की गणेश घाट?" किंवा "आंबिवलीहून कोथळीगड" असं लिहा. कुठून सुरुवात करायची, पाणी कुठे मिळतं, परतीचं वाहन कसं गाठायचं, सगळं द्या. वाचकाला कळतं आणि यंत्रालाही कळतं. मग तिथे बूट, सॅक, तंबू ह्यांच्या जाहिराती यायची शक्यता वाढते आणि त्या कुणाला खुपतही नाहीत.

इथवर सोपं आहे. खरी गोची पुढे आहे.

लिलाव म्हटलं की जो जास्त बोली लावेल त्याचं राज्य. आमच्या भागात ती बोली लागते प्लॉटवर, फार्महाऊसवर, "सेकंड होम"वर. कर्जतच्या संशोधन केंद्राने दिलेल्या 'कर्जत-३' ह्या भाताच्या वाणाबद्दल तुम्ही कितीही छान लिहा, त्या शब्दांवर बोली लावायला कोण येणार? त्यामुळे हळूहळू भाताची पानं कमी आणि "गुंतवणुकीची सुवर्णसंधी" जास्त, असा मोह होतोच.

माझं म्हणणं, प्लॉटबद्दल जरूर लिहा, पण घेणाऱ्याच्या बाजूने लिहा. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ते कुळवहिवाट कायद्याचं कलम ६३ सोप्या भाषेत सांगा. सातबारा कसा वाचायचा ते सांगा. माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा आपला प्लॉट त्यात येतो का हे आधी बघा, असं सांगा. जाहिरात तीच, बोलीही तीच, पण शेजारी खरी माहिती. वीस-पंचवीस लाख घालणाऱ्याला आधी ती वाचायला मिळाली तर त्या पानाच्या कमाईत मला काही वावगं वाटत नाही.

पण एक पान असं आहे जिथे हा हिशेब चालत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, आणि ५७ माणसं बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. इर्शाळगडाबद्दल लिहायचं तर हे लिहावंच लागतं. आता त्या पानात यंत्राला कुठले शब्द दिसतात? खालापूर, डोंगर, उतार, पाऊस, घरं. हेच शब्द फार्महाऊसच्या जाहिरातीतही असतात! काही जाहिरातदार अशी पानं स्वतःहून टाळतात, पण त्या भरवशावर बसू नये. जाहिरातींतून ठरावीक पान वगळायची सोय आहे, ती वापरावी. दोन मिनिटांचं काम.

"पण त्याच पानावर गर्दी जास्त असेल तर?" असं कुणी म्हणेल. असेलही. पावसाळ्यात गडावर निघालेला माणूस ते पान उघडतो तेव्हा त्याला उताराचा धोका कळायला हवा. त्याच क्षणी शेजारून "डोंगराच्या कुशीत हक्काचं घर" चमकलं तर आपणच आपलं म्हणणं खोडून काढतो. शिवाय वरचा हिशेब आठवा. आपण सोडतोय किती, तर काही रुपये.

ते भरून काढायचे असतील तर गावातल्या घरगुती खानावळीला किंवा वाटाड्याला विचारा. ट्रेकच्या पानावर महिना ५०० रुपयांत त्याचं नाव लावलंत, तर अख्ख्या साईटच्या त्या ३०० रुपयांपेक्षा ते जास्त झाले. "ही जाहिरात आहे" असं मात्र स्पष्ट लिहा. संदर्भाला धरून जाहिरात म्हणजे ह्याहून वेगळं काय असतं?

असो. भाताचं पान माझ्याकडे अजून दहा रुपयेही आणत नाही. ते राहणार आहे.