क्रेनच्या केबिनमध्ये कोण बसतो?

१४ एप्रिलला आता गावोगावी एक दृश्य ठरून गेले आहे. चौकात क्रेन येते, हुकाला दहा-पंधरा फुटी हार लटकतो, तो बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत वर जातो आणि खाली शेकडो मोबाइल उंचावतात. वर्गणी आपली, हार आपला, घोषणा आपल्या. क्रेन भाड्याची. तिच्या केबिनमध्ये बसलेला माणूस तिथपर्यंत कसा पोहोचला, हे आपण कधी विचारले आहे का? हारावर किती खर्च करावा हा वाद मी आज घालत नाही, तो दरवर्षी होतोच. मला त्या केबिनबद्दल बोलायचे आहे.

आपल्या वस्तीतल्या तरुणाला चळवळ आज दोनच वाटा दाखवते. एक, स्पर्धा परीक्षा. दुसरी वाट आपण दाखवत नाही. पहिली बंद झाली की तो आपणच तिच्यावर जातो. तिशी उलटेपर्यंत अभ्यासिकेत काढायची आणि मग मिळेल ते काम धरायचे. बांधकामाच्या साइटवर, कारखान्याच्या गेटवर, गोदामात आपली मुले भरपूर दिसतात, पण ती कुठे दिसतात ते नीट बघा. पट्टा बांधायला, स्लिंग ओढायला, लोड खाली येताना हाताने वळवायला. म्हणजे हुकाखाली. हुक हलवणारा बहुतेक वेळा दुसरा असतो, आणि दोघांच्या मजुरीत मोठे अंतर असते.

हे अंतर बुद्धीमुळे पडलेले नाही. क्रेन शिकण्याचा आपल्याकडचा रिवाज उस्ताद आणि हेल्परचा आहे. जेवणाच्या सुट्टीत उस्ताद ज्याला लिव्हर धरू देतो, तो पाच-सात वर्षांनी ऑपरेटर होतो. आणि उस्ताद लिव्हर कोणाला धरू देतो? भाच्याला, गावच्या पोराला, ठेकेदाराच्या ओळखीतल्याला. जातीचा दाखला कोणी मागत नाही. मागायची गरजच पडत नाही, कारण ओळखी जातीच्याच असतात.

ही गोष्ट बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत ओळखली होती. गिरणीत अस्पृश्यांना काम मिळत होते, पण कापड विणण्याच्या खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण विणकराला चालणार नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर लावून धरला. वर्गलढ्याच्या गप्पा मारणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, यात नवल नाही. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. हे वाक्य आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात ते एक साधी तक्रारही मांडत होते: आमचा माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, वर्कशॉपमध्ये तो हमाल असतो, मेकॅनिक किंवा फोरमन होत नाही. ही तक्रार आपण विसरलो.

१९४२ मध्ये व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, हे आपण अभिमानाने सांगतो. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वे वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, हीही मागणी त्याच निवेदनात होती. बॅरिस्टर माणूस, कोलंबिया आणि लंडनचा, यंत्राशेजारची जागा मागत होता.

काही मित्र लगेच म्हणतील, आम्ही मेलेली गुरे ओढणे सोडले ते काय लोखंड उचलण्यासाठी? बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हायला सांगितले, आणि तुम्ही पोरांना पुन्हा मजुरीला लावता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. 'कौशल्य विकास' या नावाखाली दलितांच्या पोरांना शिवणयंत्र आणि बहुजनांच्या पोरांना पंक्चरचे दुकान देणारे सरकार मीही पाहतो आहे. पण जातीचे काम आणि कसबाचे काम यांत फरक आहे. जातीचे काम जन्माने चिकटते, त्याला शिक्षण लागत नाही आणि ते सोडता येत नाही. क्रेन कोणत्याही जातीच्या वाट्याला पुराणात लिहून ठेवलेली नाही. परीक्षेतून अधिकारी होणारे व्हावेतच. प्रश्न उरलेल्यांचा आहे, आणि उरलेले संख्येने फार जास्त आहेत.

शिवाय हे काम 'लिव्हर ओढला की झाले' असे नाही. लोक समजतात की १४ टनांची हायड्रा म्हणजे १४ टन उचलणार. तसे नसते. ती क्षमता बूम सर्वात जवळ असतानाची. बूम लांबवत नेली की तीच क्रेन निम्मे, पाव, त्याहूनही कमी वजन पेलते आणि जास्त ताणले तर उलटते. किती अंतरावर किती वजन, हे प्रत्येक क्रेनच्या लोड चार्टवर लिहिलेले असते. चार्ट वाचता येणे, जमीन किती पक्की आहे हे ओळखणे, आउटरिगरखाली फळ्या नीट बसल्या का पाहणे, वारा वाढला की टॉवर क्रेन थांबवणे, स्लिंगचा कोन पसरला की तिच्यावरचा ताण वाढतो हे जाणणे, हे सगळे गणित आहे. बलाचा आघूर्ण ज्याला समजला, त्याला ही क्रेन समजते. साइटवर इशारा एकाच सिग्नलमनचा पाळायचा, पण 'थांब' हा इशारा कोणीही केला तरी थांबायचे, हाही नियम आहे. सर्वात गरीब हेल्परच्या हातालासुद्धा तिथे नकाराधिकार असतो.

कागदावर, म्हणजे. प्रत्यक्षात ठेकेदार म्हणतो, 'उचल रे, काही होत नाही.' काही झाले की गुन्हा सर्वात आधी ऑपरेटरवर नोंदवला जातो. ज्याच्याकडे प्रशिक्षणाचा कागद नाही, नेमणुकीचे पत्र नाही, त्याच्या बचावाला काहीच नाही. ३१ जुलै-१ ऑगस्ट २०२३ च्या रात्री शहापूर तालुक्यात समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे अजस्र यंत्र कोसळले, २० जण ठार झाले. नागपूर-मुंबई अंतर किती तासांवर आले याच्या जाहिराती सगळ्यांना आठवतात. म्हणून मी कोणाला 'क्रेन शीक, आयुष्य बनेल' असे भोळेपणाने सांगत नाही. बारा-बारा तासांची पाळी, तापलेली केबिन, टॉवर क्रेनवर चढल्यावर लघवीचीही सोय नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्यासाठी बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून झगडून कायदा करवला, आणि आपण त्याबद्दल व्याख्याने ठेवतो. केबिनमधला बारा तास बसतो, त्याच्यासाठी एखादे निवेदन?

बायकांना हे जमणार नाही, असे कोणी म्हणत असेल तर केरळातल्या विळिंजम बंदराकडे पाहावे. तिथे स्थानिक मच्छीमार वस्तीतल्या मुलीही यार्डातल्या स्वयंचलित क्रेन चालवतात, खोलीत पडद्यासमोर बसून.

आता आरक्षणाचे. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. ते सरकारी होते, म्हणून तिथल्या नोकऱ्यांना, क्रेन ऑपरेटरच्याही, आरक्षण लागू होते. १९९९ मध्ये पहिले खासगी टर्मिनल आले. २०२२ मध्ये बंदराने स्वतःचे उरलेले कंटेनर टर्मिनलही खासगी कंपनीकडे दिले. किनाऱ्यावरच्या उंच क्रेन जागच्या जागी आहेत, कंटेनर वाढले आहेत. गेले ते फक्त आपल्या मुलाचे घटनेने दिलेले स्थान. संविधानाला हात न लावता आरक्षण कसे संपवतात, हे शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही.

खासगी क्षेत्रात आरक्षण हवे म्हणून आपण मोर्चे काढतो, काढलेच पाहिजेत. पण एक तरतूद कायद्यात आधीच पडून आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१. त्याचे कलम ३-अ सांगते की ठरवून दिलेल्या प्रत्येक व्यवसायात मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवाव्यात. मालकाने, म्हणजे खासगी मालकानेसुद्धा. आणि ३० किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. उस्तादाच्या मर्जीवर चालणारी वाट मोडणारे हे हत्यार आहे, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांच्या पिशवीत नाही.

काम करण्यासारखे आहे ते असे. आपल्या जिल्ह्यातले पोलाद कारखाने, बंदराची टर्मिनल्स, मोठे बांधकाम ठेकेदार यांची यादी करा. राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात: कोणत्या आस्थापनेने किती शिकाऊ घेतले, त्यांत अनुसूचित जातींचे किती, आणि यंत्र चालवण्याच्या व्यवसायांत किती. जे आधीच हेल्पर आहेत त्यांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ही नोंदणी फक्त गवंड्यांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. अर्जाचे उत्तर ३० दिवसांत यायला हवे. नाही आले, तर पहिले अपील. आणि ज्या आस्थापनेचा आकडा शून्य येईल, तिच्या गेटवर पुढची सभा.