पत्र्याखालचा माळा आणि घरचें बियाणें

सोयाबीनचें बियाणें घरचेंच राखा, असा उपदेश शेतकरीवर्गास आतां दरसाल होत असतो. उपदेश रास्त आहे. सन २०२० च्या खरिपांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा मराठवाड्यांत व विदर्भांत नुसता पूर आला होता. दुबार पेरणीचा खर्च ज्याच्या कपाळीं आला, त्यास घरच्या बियाण्याचें महत्त्व दुसऱ्यानें सांगावयास नको. परंतु हें बियाणें आश्विनापासून ज्येष्ठापर्यंत ठेवावयाचें कोठें? उपदेशकांचें उत्तर ठरलेलें असतें : थंड व कोरड्या जागीं. अशी जागा आमच्या घरांत उरली आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

धाब्याच्या घरांत डोक्यावर मातीचा जाड थर असे, आणि कौलांच्या फटींतून वारा खेळत असे. त्या घरांसाठीं आम्ही अश्रू ढाळीत नाहीं. धाबें गळतें, लांकूड महाग झालें आहे, आणि कौलें फेरणारा माणूस मिळत नाहीं; शेतकऱ्यानें पत्रा पत्करला तो कांहीं खुळेपणानें नव्हे. पण वैशाखाच्या दुपारीं तोच पत्रा ६०-६५ अंशांपर्यंत तापतो, आणि त्याच्याखालीं दोन हातांवर माळा असून माळ्यावर बियाण्याचीं पोतीं असतात!

सोयाबीनचें बीं मोठें नाजूक. त्याची साल पातळ आणि अंगीं तेल सुमारें २० टक्के. बीजशास्त्रांत हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा आहे : साठवणीच्या जागेचें तापमान ५ अंशांनीं वाढलें कीं बियाण्याचें आयुष्य निम्म्यावर येतें, आणि दाण्यांतील ओलावा १ टक्क्यानें वाढला तरी तेंच होतें. या हिशेबानें ३० अंशांऐवजीं ४० अंशांत ठेवलेलें बीं चौपट वेगानें म्हातारें होतें. प्रमाणित सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी असा नियम आहे. मार्गशीर्षांत या कसोटीस उतरलेलें पोतें मृगापर्यंत उतरेलच, अशी खात्री पत्र्याखालच्या माळ्यावर कोणी द्यावी?

आतां ही उष्णता खालीं येते कशी तें पाहूं. चुलीसमोर बसलें असतां तोंड भाजतें. मध्यें सूप धरलें कीं तत्काळ बरें वाटतें. भोंवतालची हवा तीच असते, पण जाळाचे किरण अडलेले असतात. तापलेला पत्राही असेच अदृश्य किरण खालीं सोडीत असतो. ६५ अंशांच्या गंजक्या पत्र्यापासून ३५ अंशांच्या पोत्यांकडे दर चौरस मीटरास सुमारें २०० वॅट उष्णता नुसत्या किरणांनींच जाते. दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब खोलीस हा हिशेब लावला, तर हजार वॅटच्या दोन-तीन विजेच्या शेगड्या आढ्याला उलट्या टांगल्यासारखेंच झालें.

या किरणांस सूप धरण्याचें काम अॅल्युमिनियमची चकचकीत पन्नी करते. तिच्यावर पडलेले उष्णतेचे किरण ती शेंकडा ९५ च्या आसपास परत फिरविते. आणि स्वतः तापली तरी उष्णता बाहेर टाकण्यांत ती तितकीच कंजूष असते. घासूनपुसून लखलखीत केलेल्या भांड्यांतलें पाणी काजळी धरलेल्या भांड्यापेक्षां अधिक वेळ ऊन राहतें, त्याचें कारण हेंच. अमेरिकेंतील उष्ण प्रांतांत घरांच्या माळ्यांवर ही पन्नी लावण्याचा प्रघात आहे, आणि तिनें घर थंड ठेवण्याच्या खर्चांत ५ ते १० टक्के बचत होऊं शकते असें तेथील ऊर्जाखातें सांगतें. आंकडा लहान वाटेल. पण तिकडे माळ्यावर बहुधा कापसासारख्या उष्णतारोधक द्रव्याचा जाड थर आधींच अंथरलेला असतो. आमच्या पत्र्याखालीं कांहींच नसतें. म्हणून आमच्या घरांत तिचा गुण अधिक दिसावा, असें आमचें मत आहे.

मात्र पन्नी लावण्याची रीत चुकली तर पैसे मातींत जातात. आमच्यापैकीं एकाच्या घरीं कारागिरानें ती पत्र्याला घट्ट चिकटवून दिली. दिसे सुरेख, पण उपयोग कांहीं झाला नाहीं! पत्रा व पन्नी यांचा स्पर्श झाला कीं उष्णता सरळ धातूंतून उतरते. चकाकत्या बाजूसमोर निदान इंचभर मोकळी हवा पाहिजेच. याकरितां पन्नी वाशांच्या खालच्या अंगास ताणून बांधावी, म्हणजे वाशाच्या जाडीइतकें अंतर आपोआप राहतें. वळचणीस व आढ्यापाशीं फट ठेवावी. तापलेली हवा वरून निघून जाते आणि खालून नवी येते. एकच बाजू चकाकती असेल तर ती खालीं करावी, कारण वरच्या बाजूवर धूळ बसते व धुळीखालीं पन्नीचा गुण मरतो. चुलीचा धूर जेथें वर चढतो तेथें खालच्या बाजूसही काजळी धरेल. तेथें आधीं धुराड्याची सोय करावी. दुकानदार बुडबुड्यांची जाड गादी दाखवून किंमत वाढवितो, पण जाडीपेक्षां उघड्या धातूचा पृष्ठभाग महत्त्वाचा. वर पारदर्शक प्लास्टिकचें आवरण असलेली चमक डोळ्यांस फसवील, उष्णतेस फसविणार नाहीं. आणि पन्नी वीजवाहक आहे. पत्र्याखालून गेलेल्या उघड्या जोडाच्या तारा आधीं दुरुस्त करून घ्याव्या.

पन्नीनें सर्व साधेल असें नाहीं. हवेवाटें येणारी उष्णता येतच राहील, आणि आषाढांतील दमट हवेवर तिचा इलाज नाहीं. ज्यास तेवढाही खर्च झेपत नाहीं त्यानें फाल्गुनांत पत्र्यावर चुन्याची सफेदी द्यावी. ती पावसाळ्यांत धुऊन जाते व दरसाल द्यावी लागते हें खरें. पण ती ऊन पत्र्यावरच परतविते. तेलंगण सरकारनें २०२३ सालीं थंड छपरांचें धोरणच ठरविलें. आमच्या राज्यांत बियाण्याच्या मोहिमा निघतात व घरकुलांस अनुदानही मिळतें, पण पत्र्याखालीं काय असावें हें दोन्ही खातीं एकमेकांवर सोडतात. बियाणें राखा म्हणणाऱ्यांनीं प्रत्येक तालुक्यांत निदान एक माळा असा पन्नी लावून दाखवावा, ही आमची मागणी आहे.

तोंवर सभासदांनीं एवढें करावें. यंदा बियाण्याचें एक पोतें माळ्यावर व एक खालीं, भिंतीपासून दूर फळीवर ठेवावें. मृगापूर्वीं पंधरा दिवस दोहोंतले शंभर-शंभर दाणे ओल्या गोणपाटांत निरनिराळे गुंडाळावे, आणि सात-आठ दिवसांनीं किती मोडले तें मोजून आम्हांस कळवावें. येणारे आंकडे, अनुकूल असोत वा प्रतिकूल, पुढील अंकीं छापूं.