मागण्यात संकोच कशाला?

देवाकडे मोठे मागणे म्हणजे अधीरपणा आणि "प्रभू, तुझी इच्छा" एवढेच म्हणून थांबणे म्हणजे खरी नम्रता, अशी समजूत अनेक मंडळ्यांत रुजली आहे. पवित्र शास्त्रातली माणसे मात्र अशी प्रार्थना करत नाहीत. सदोमसाठी रदबदली करताना अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून सुरुवात करतो आणि दहांपर्यंत येतो. शिलो येथे हन्ना इतक्या तळमळीने प्रार्थना करते की एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटते. लोक गप्प करू लागताच आंधळा बार्तीमय आणखी मोठ्याने हाक मारतो आणि येशू त्याच्यासाठी थांबतो.

गेथशेमानेत येशूने स्वतःला पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केले, हे खरे. पण प्याला टळावा, हे मागणे त्याने आधी उघड बोलून दाखवले होते. ते गाळून केवळ शरणागती उचलली, तर नम्रतेच्या नावाखाली अपेक्षाभंगाची भीतीच लपवली जाते.

याच्या उलट, विश्वासाने मागितले की पैसा, बंगला, आरोग्य मिळालेच पाहिजे, असे काही व्यासपीठांवरून ठासून सांगतात. मग आजार बरा झाला नाही की विश्वास कमी पडल्याचा ठपका रुग्णावरच येतो. ही शिकवण क्रूर आहे आणि शास्त्राला सोडून आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा मिळाली. त्याचा विश्वास उणा होता, असे म्हणायला कोण धजेल?

मग धिटाईची प्रार्थना कोणती? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी १८३५ मध्ये, ८१ व्या स्तोत्राच्या आधारावर, अनाथगृहासाठी हजार पौंड आणि काम करणारी योग्य माणसे मागितली. माणसांपुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा नियम होता. १८३७ मध्ये ती रक्कम पुरी झाली. पुढे त्यांच्या हयातीत दहा हजारांहून अधिक मुले त्या अनाथगृहांत वाढली. म्यूलर जमाखर्च काटेकोर ठेवत आणि दरवर्षी अहवाल छापत. देवावर भिस्त असली तरी त्यांनी माणसांना हिशेब देणे सोडले नाही.

म्यूलर यांचे चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचले होते. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या शिबिरात मुली-स्त्रियांसाठी त्या चालवत असलेल्या सदनातल्या पंधरा मुली विश्वासात आल्याचे पाहून त्यांनी देवाकडे मागितले ते पंधराचा वर्ग, म्हणजे २२५! हे मागणे सोयीच्या काळातले नव्हते. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने त्या सदनाला दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते आणि ती मुदत संपत आली होती. त्यातच मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर विहिरी, निवारे, कामे उभी राहिली आणि मुक्ती सदन आकाराला आले. मोठी प्रार्थना माणसाला आळशी करते, हा आक्षेप इथे टिकत नाही. ज्यांच्यासाठी मागितले त्यांची जबाबदारी मागणाऱ्या बाईने स्वतःच्या अंगावर घेतली.

मागितलेले सगळेच त्यांच्या पदरात पडले असे नाही. ज्या लेकीवर पुढच्या कामाची भिस्त होती, ती मनोरमा १९२१ मध्ये आईआधी गेली. तरीही रमाबाईंनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ते संपवूनच १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

१९०५ चा प्रसंग तर आजच्या मंडळ्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. त्या वर्षाच्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी हाक दिली. सुमारे सत्तर जणी पुढे आल्या आणि जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. त्यांनी धान्य किंवा देणग्या मागितल्या नाहीत. भारतातल्या ख्रिस्ती लोकांचे, स्वतःसकट, खरे परिवर्तन व्हावे, हे त्यांचे मागणे होते. जूनअखेर मुक्तीत संजीवनाची लाट आली आणि त्यानंतर प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या तुकड्या सुवार्ता घेऊन आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.