चाचणीचा दाखला आणि आपले उत्तरदायित्व

सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सातारा-सांगलीतील औषधनिर्मात्यांना हळदीच्या कल्पांवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे छापण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु कोणता नमुना, कोणी, केव्हा व कशासाठी तपासला, हे सांगितल्यावाचून ते शब्द पोकळ ठरतात. केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीत स्वतंत्र संशोधनाचा आधार सांगितल्यास त्याचा स्रोत व दिनांक देणे बंधनकारक आहे. खुलासाही दाव्याच्याच भाषेत हवा. दावा मराठीत आणि खुलासा इंग्रजीत, हे चालणार नाही.

शिवाय कर्क्युमिनची टक्केवारी द्रव्याची प्रत सांगते, रोगनिवारणाची ग्वाही देत नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने निषिद्धच आहे, मग अहवाल कितीही उत्तम असो. पूर्वमान्यतेचा नियम १७० केंद्राने २०२४ मध्ये वगळला, तरी ही बंधने कायम आहेत.

रुग्ण अहवाल वाचत नाही. तो वैद्याच्या शब्दावर औषध घेतो. म्हणूनच, मागताक्षणी अहवाल पुढे ठेवून सिद्ध करता येईल, तेवढाच दावा छापावा आणि इतर औषधांची शिफारस आपण करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.