नव्या माशाचा पहिला महिना



खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये नवा मासा सोडला आणि आठवड्याभरात तो गेला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते : "खारे पाणी सगळ्यांना लाभत नाही." हे मला पटत नाही. बहुतेक वेळा मासा मरतो तो आपल्या घाईने, आणि खापर मात्र पाण्यावर फुटते.

तो मासा घरी कसा येतो ते पाहा. गोड्या पाण्यातले गप्पी, एंजल, गोल्डफिश तळ्यांत नाहीतर टाक्यांत वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे आजही बहुतांशी समुद्रातल्या प्रवाळांमधून पकडून आणतात. फिलिपाइन्समध्ये १९६०च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत पडली; कायद्याने बंदी असूनही ती पुरती थांबलेली नाही. पिशवीतले पाणी घाण होऊ नये म्हणून प्रवासाआधी माशाला उपाशी ठेवतात. मग एका पिशवीतून दुसरीत, एका दुकानातून दुसऱ्यात. बेळगावला पोचेपर्यंत त्याच्या पोटात अन्न नसते आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरचटलेला असतो. अशा जिवाला आपण त्याच संध्याकाळी, आपापली हद्द आखून बसलेल्या जुन्या माशांमध्ये सोडतो, दिवा लावतो आणि मुलांना हाक मारतो. मुके जीव आपल्या हवाली केलेले आहेत, मालकीचे नाहीत, असे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात ज्यांना शिकवतो, तीच ही मुले!

त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग फार फसवा. क्रिप्टोकॅरिऑन नावाचा सूक्ष्म परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसते. चार-सहा दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे होतात. घरचे म्हणतात, बरे वाटले बघा. खरे तर परजीवी पोट भरून खाली उतरलेला असतो. वाळूत, दगडावर तो कोष करून बसतो आणि त्या एकेका कोषातून शेकडो नवे परजीवी बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. समुद्रात त्यांना मासा सापडणे कठीण. चार फुटांच्या काचेत मासा जाणार कुठे? दुसऱ्या फेरीत नव्याबरोबर जुनेही मासे जातात. काही कोष ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. म्हणून एकदा रोग शिरला की जाणकार लोक टँक ७६ दिवस माशांविना ठेवतात. व्हेल्व्हेट नावाचा रोग तर इतका वेळही देत नाही. दोन-तीन दिवसांत सगळे आटोपते.

यावर तांब्याचे औषध चालते, पण त्याच तांब्याने कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ मरतात. म्हणजे मोठ्या टँकमध्ये ते घालता येत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मासा घेण्याआधी दुसरा लहान टँक घ्यावा. ऐंशी-शंभर लिटरचा पुरे. त्यात वाळू नको, दगड नको. हीटर, लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, आणि आधी महिनाभर मोठ्या टँकमध्ये मुरवलेला स्पंजचा फिल्टर. नवा मासा तिथे किमान चार आठवडे राहावा, खाऊ लागावा, धष्टपुष्ट व्हावा.

काहीजण म्हणतात, लहान उघड्या टँकमध्ये मासा जास्तच घाबरतो. फिल्टर मुरवलेला नसेल आणि अमोनिया चढला, तर ते खरेच आहे. पण तो दोष तयारीचा. "परजीवी सगळ्याच टँकमध्ये असतो, मासा दणकट हवा" हे म्हणणे तर साफ चूक. जो आत आलाच नाही तो असणार कसा?

पिशवीबद्दलही सांगायला हवे. लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षा लहान टँकचा खारेपणा आधीच पिशवीतल्या पाण्याएवढा करून ठेवावा, बंद पिशवी तरंगत ठेवून उष्णता जुळू द्यावी आणि मग मासा लगेच सोडावा.

मासा कोणता, हेही महत्त्वाचे. २००३च्या 'फाइंडिंग निमो'नंतर मुलांना निमो हवा असतो आणि त्याच्याबरोबर निळी डोरीही. निमो, म्हणजे क्लाउनफिश, टाक्यांत वाढवता येतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. नीट सांभाळला तर तो पंधरा-वीस वर्षे जगतो. डोरी बहुधा समुद्रातूनच पकडलेली असते, फूटभर वाढते आणि पांढरे ठिपके तिला चटकन धरतात. घरच्या टँकसाठी ती घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदाराला विचारावे : हा पैदाशीचा की पकडलेला? माझ्यासमोर त्याला खाऊ घालाल का? अर्धे पैसे देऊन मासा दोन आठवडे दुकानातच राहू द्यावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

नाताळात पाहुण्यांसमोर टँक सजलेला हवा, असे यंदा दोन-तीन घरांत बोलणे चालले आहे. त्यांनी उलटा हिशोब करावा. वेगळ्या टँकमधला महिना धरला तर मासे नोव्हेंबरच्या मध्याला यायला हवेत. मोठ्या टँकचे पाणी मुरायला सहा आठवडे लागतात, म्हणजे ते सप्टेंबर संपता संपता भरलेले हवे. तेवढा वेळ हाताशी नसेल, तर यंदा गोठाच सजवावा आणि मासे ईस्टरनंतर आणावेत.