चरबी जाते कुठे?

दिवाळीचा फराळ संपला की आपल्या मंडळात वजनाचा विषय निघतोच. यंदा तो तुम्ही मुलांनीच काढलात. तिघाचौघांनी थोड्याफार फरकानं एकच प्रश्न पाठवला आहे: "काकू, जिममधला एक जण चरबी जाळायची पिवळी पावडर घेतो. ऑनलाइन मिळते. घेऊ का?"

उत्तर एका शब्दाचं आहे, नको. पण नुसतं 'नको' म्हटलेलं तुमच्या वयात कोण ऐकतं? म्हणून आज कारण सांगते.

आधी माझा एक प्रश्न. कुणाची दहा किलो चरबी उतरली, तर ती गेली कुठे? २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि जिमचे प्रशिक्षक मिळून १५० जणांना विचारला. अर्ध्याहून अधिक जण म्हणाले, तिची ऊर्जा झाली. पण किलोच्या किलो वस्तुमान असं ऊर्जा होऊन नाहीसं होत नाही. ती चरबी नाकातून जाते! १० किलो चरबी पुरती वापरायला शरीर सुमारे २९ किलो प्राणवायू घेतं आणि त्यातून २८ किलो कार्बन डायऑक्साइड व ११ किलो पाणी तयार होतं. हिशोब केला तर त्या दहा किलोंतले ८.४ किलो उच्छ्वासातून बाहेर पडतात, उरलेले १.६ किलो पाण्याच्या रूपात. पोटाला घामाचा पट्टा बांधून उतरतं ते नुसतं पाणी. दोन ग्लास प्यायलात की परत.

मग भराभर श्वास सोडला तर? चक्कर येईल, बाकी काही नाही. पेशींना जेवढी गरज, तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वाढवायचा तर पेशींना काम द्यायला हवं, म्हणजे चाला, जिने चढा.

आता खरी गोष्ट. पोळी असो, पोहे असोत की साठलेली चरबी, तिचे तुकडे होत होत शेवटी पेशीतल्या मायटोकाँड्रियात येतात. शाळेच्या पुस्तकात याला तंतुकणिका म्हणतात. तिथे अन्नातले इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात आणि एकाकडून दुसऱ्याकडे असे टप्प्याटप्प्यानं खाली उतरवले जातात. सगळ्यात शेवटी त्यांना घ्यायला प्राणवायू उभा असतो, त्यांचं पाणी होतं. आपण श्वास घेतो तो त्या शेवटच्या पायरीसाठी. ती अडली की मागची सगळी रांग थांबते.

या उतरंडीत सुटणारी ऊर्जा थेट कामाला लागत नाही. तिच्या जोरावर प्रोटॉन एका पातळ पडद्याच्या पलीकडे उपसले जातात. तुम्ही ओंकारेश्वरला नर्मदेवरचं धरण पाहिलं असेल. पाणी एका बाजूला अडवायचं, आणि खाली येताना ते टर्बाइन फिरवतं. पेशीतही अगदी तसंच. साठलेले प्रोटॉन एका प्रथिनातून परत येतात, ते प्रथिन खरोखर गोल फिरतं आणि त्यातून एटीपी तयार होतं. स्नायू आखडायला, मेंदू चालायला हेच चलन लागतं. पीटर मिचेल यांनी १९६१ साली ही कल्पना मांडली तेव्हा पुष्कळांनी ती मानली नाही. १९७८ मध्ये त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळालं.

आणि ती पिवळी पावडर? सगळ्याच पावडरी एक नसतात, पण ऑनलाइन 'फॅट बर्नर' म्हणून पिवळी पूड किंवा गोळ्या विकल्या जातात त्यांत डायनायट्रोफिनॉल, म्हणजे डीएनपी, असू शकतं. ते त्या पडद्यातून प्रोटॉन पलीकडून अलीकडे परस्पर आणून सोडतं. धरणाला भोक पडल्यासारखंच म्हणा ना. पाणी वाहतंय, टर्बाइन मात्र फिरत नाही. एटीपी कमी पडतं म्हणून पेशी आणखी अन्न जाळतात, आणि सगळी ऊर्जा नुसती उष्णता होऊन बाहेर येते. वजन उतरतं, यात खोटं काही नाही. धोका तिथेच आहे.

तान्ह्या बाळाच्या अंगात तपकिरी चरबी असते, ती ऊब मिळावी म्हणून हीच गळती करते. पण तिथे तोटी शरीराच्या हातात असते. डीएनपीला तोटी नाही.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत डीएनपी हाताळणाऱ्या कामगारांना दरदरून घाम सुटे, ताप चढे, वजन उतरे, काही जण दगावले. हे माहीत असूनही १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते वजन उतरवण्याचं औषध म्हणून पुढे आणलं. लाखभर लोकांनी घेतलं. तरण्याताठ्या बायकांना मोतीबिंदू झाले, काही माणसं अंगातल्या उष्णतेनं गेली. १९३८ मध्ये तिथे ते माणसांसाठी बंद झालं. इंटरनेटवर मात्र परत आलं, आणि ब्रिटनमध्ये त्यानं तरुण मुलांचे जीव घेतल्यावर २०२३ पासून तिथे ते विष म्हणून नोंदलं गेलं आहे.

फायद्याची मात्रा आणि जिवावर बेतणारी मात्रा यांत फारसं अंतर नाही. शिवाय रोज घेतलं तर ते अंगात साठत जातं. चढलेला ताप पॅरासिटामॉलनं उतरत नाही, कारण हा मेंदूनं चढवलेला ताप नसतो, पेशीपेशीत पेटलेली भट्टी असते. यावर उतारा नाही. कुणी आधीच घेतलं असेल आणि अंग तापू लागलं, छाती धडधडू लागली, तर घरच्यांपासून लपवू नका. सरळ हॉस्पिटल गाठा, आणि ते पाकीट बरोबर न्या.