समासातील टीप कोणासाठी?

ऑनलाइन लेखात एखादे साल चुकले किंवा वाक्यातून भलताच अर्थ निघाला, तर जाणकार वाचकाने ते कोणाला सांगावे? चारचौघांत सांगितल्यास लेखक बहुधा बचावाचा पवित्रा घेतो आणि चूक बाजूला राहून वाद मात्र रंगतो.

‘ट्विटर’चे सहसंस्थापक इव्हान विल्यम्स यांच्या ‘मीडियम’ या २०१२ मध्ये सुरू झालेल्या व्यासपीठाने यावर साधा तोडगा काढला होता. वाचकाने लेखातील नेमका मजकूर निवडून समासात टीप लिहायची. ती प्रथम फक्त लेखकाला दिसे. सर्वांसाठी खुली करायची की नाही, हे लेखक ठरवी. मसुदा प्रसिद्धीपूर्वी निवडक लोकांना दाखवून त्यांच्या टीपा मागविण्याचीही सोय होती. मुद्रितशोधक आणि संपादक छपाईआधी जे काम करतात, त्याचा काही भाग अशा रीतीने वाचकांकडे आला. टीप नेमक्या वाक्यापाशी असल्याने ‘लेख आवडला नाही’ अशा मोघम शेऱ्याला तिथे फारसा वाव नव्हता.

इतरांच्या संकेतस्थळांवर परस्पर जाहीर टीपा चिकटविण्याचे प्रयोग त्याआधीही झाले होते. १९९९ मध्ये आलेले ‘थर्ड व्हॉइस’ २००१ मध्ये बंद पडले. ‘गुगल’नेही सप्टेंबर २००९ मध्ये ‘साइडविकी’ आणले आणि २०११ मध्ये गुंडाळले. या सुविधांत पान एकाचे, समास मात्र तिसऱ्याच्या ताब्यात, अशी स्थिती होती.

तिचे गांभीर्य २०१६ मध्ये प्रकर्षाने पुढे आले. गाण्यांच्या ओळींवरील टीपांमुळे नावारूपाला आलेल्या ‘जीनियस’ने कोणत्याही संकेतस्थळावरील मजकुराला टीपा जोडण्याची सोय दिली होती. लेखकाची संमती लागत नव्हती. नको असल्यास बाहेर पडण्याचा मार्गही नव्हता. व्यक्तिगत अनुभव लिहिणाऱ्या एका तरुण अमेरिकन लेखिकेने त्याला जाहीर हरकत घेतली. पाठोपाठ अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या सदस्य कॅथरीन क्लार्क यांनी कंपनीला पत्र लिहून छळवणूक रोखण्यासाठी काय उपाय आहेत, अशी विचारणा केली. टीकेचे स्वातंत्र्य हा समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. सत्ताधाऱ्याच्या भाषणावर जाहीर टीपा हव्यातच. पण मंत्र्याचे भाषण आणि एकट्या व्यक्तीचे आत्मकथन यांना एकच मोजमाप लावण्यात गफलत होती.

खासगी टीपेलाही दुसरी बाजू आहेच. लेखक ती सरळ दुर्लक्षू शकतो. किंवा मजकूर गुपचूप बदलतो आणि सकाळी चुकीचा आकडा वाचून गेलेल्या वाचकाला संध्याकाळची दुरुस्ती कळतही नाही. छापील अंकात ही पळवाट नव्हती; दुरुस्ती करायची तर चूकभूल छापावीच लागे.

या पेचावर वृत्तपत्रसृष्टीत एक जुना तोडगा आहे. ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ने १९९७ मध्ये, तर भारतात ‘द हिंदू’ने २००६ मध्ये स्वतंत्र वाचक संपादक नेमला. वाचकाची तक्रार या संपादकाकडे जाते, तो संबंधित पत्रकाराकडे विचारणा करतो आणि चूक सिद्ध झाल्यास खुलासा वाचकांसमोर मांडला जातो. सूचना खासगीत, दुरुस्ती मात्र जाहीर, ही विभागणी समासातील टीपांच्या आजवरच्या बहुतेक योजनांना साधलेली नाही. ‘वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम’ने फेब्रुवारी २०१७ मध्ये अशा टीपांसाठी तांत्रिक मानक मंजूर केले. टीप मजकुराला कशी जोडावी, हे त्यात सांगितले आहे. लेखकाची संमती घेणे आणि दुरुस्तीची नोंद ठेवणे हे प्रत्येक संकेतस्थळाच्या मर्जीवर राहिले.